मर्यादेतला समुद्रकिनारा
तीन पिढ्यांनी मिळून करण्याजोगी लिगुरियाची पाच दिवसांची सुट्टी

मे महिन्याच्या सुट्टीचा बेत ठरू लागला, की व्यापारी जैन कुटुंबांत एक गोष्ट न बोलताच ठरून जाते. परदेशी जायचे म्हणजे मुलगा, सून आणि नातवंडे जाणार. आजी-आजोबा घर आणि दुकान सांभाळणार. त्यामागे दरवेळी प्रकृतीचे कारण असतेच असे नाही आणि पैशाचे तर अनेकदा नसतेच. खरे कारण असते ताट. चोविहार, कंदमूळत्याग, उकाळलेले पाणी, सकाळ-संध्याकाळचे प्रतिक्रमण हे सारे अनोळखी देशात निभेल का, याची खात्री नसते. आपल्यामुळे मुलांच्या आनंदात अडचण नको म्हणून वडीलधारी मंडळी स्वतःच मागे राहतात. मुले निघतात, तेव्हा आग्रह करण्याचे धाडस त्यांनाही होत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. वडीलधारे सोबत नसले, की परदेशातले पहिले दोन दिवस नियम कटाक्षाने पाळले जातात, तिसऱ्या दिवशी ‘चालायचेच’ हा शब्द कानावर पडतो आणि पाचव्या दिवशी विचारणेच बंद होते. म्हणजे एकाच प्रवासात दोन गोष्टी गमावल्या जातात. आजीचा समुद्र राहून जातो आणि नातवंडांचा नियम सैल होतो. प्रवास आटोपशीर ठेवला, मुक्काम एकाच गावी केला आणि माहिती आधीच गोळा केली, तर या दोन्ही गोष्टी टाळता येतात. इटलीच्या वायव्येकडील लिगुरियाचा किनारा त्यासाठी विशेष सोयीचा आहे.

दिशेची मर्यादा

श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रताला स्वतंत्र स्थान आहे. कोणत्या दिशेला किती अंतरापर्यंत जायचे, याची मर्यादा आखून घेणे हा त्याचा आशय. तीच मर्यादा ठरावीक काळापुरती आणखी आवळणे म्हणजे देशावकाशिक व्रत. श्वेतांबर परंपरेत रोज धारण केल्या जाणाऱ्या चौदा नियमांत द्रव्य, वाहन, दिशा आणि स्नान यांचीही गणना होते. प्रवासाला निघताना हे नियम अडसर वाटतात. वास्तविक, चांगल्या प्रवासाचा आराखडा त्यांतच दडलेला आहे.

दहा दिवसांत सहा देश दाखवणाऱ्या सहलीत रोज नवे हॉटेल, नवी भाषा आणि नवे स्वयंपाकघर असते. तिथे नियम मोडतो तो श्रद्धा कमी पडल्यामुळे नव्हे, तर चौकशी करायला वेळ नसल्यामुळे. याउलट पाच दिवस एकाच गावी राहिले, तर दुसऱ्या दिवशी खानावळवाला ओळखू लागतो आणि तिसऱ्या दिवशी न सांगता लसूण वगळतो.

जेनोवा ते ला स्पेत्सिया हा रेल्वेमार्ग सुमारे नव्वद किलोमीटरचा. १८७४ मध्ये पूर्ण झालेला हा मार्ग डोंगर पोखरून काढलेल्या बोगद्यांतून समुद्राच्या कडेने धावतो. या एका पट्ट्यात ऐतिहासिक बंदर, कोळ्यांची गावे, डोंगरउतारावरची शेती आणि संरक्षित सागर हे सारे येते. कामोल्यी किंवा सांता मार्गेरिता यांसारख्या गावी मुक्काम ठेवून लोकल गाडीने सर्वत्र जाता येते. दिशेची मर्यादा एवढीच ठेवली, तरी पाच दिवस पुरत नाहीत.

पेढ्यांचे शहर

व्यापारी घराण्यातील मंडळींना जेनोवा परके वाटत नाही. दर्यावर्दी व्यापाऱ्यांनी चालवलेले हे प्रजासत्ताक होते आणि त्याची खरी स्मारके आहेत ती वह्या व दस्तऐवज. दुहेरी नोंद पद्धतीच्या सर्वांत जुन्या ज्ञात हिशेबांत जेनोवाच्या नगर-खजिनदारांच्या १३४० सालच्या वह्यांची गणना होते. त्यांत एक खाते मिऱ्यांचे आहे. त्या काळी युरोपच्या बाजारात येणाऱ्या मिऱ्याचा मोठा स्रोत मलबारचा किनारा होता. म्हणजे युरोपातल्या त्या आरंभीच्या जमा-नावेत हिंदुस्थानच्या मालाची नोंद आहे. आज ज्ञात असलेला सर्वांत जुना विमा करारही जेनोवातच १३४७ मध्ये झाला.

बंदरासमोर पालाझ्झो सान जॉर्जो ही चित्रांनी नटलेली इमारत उभी आहे. तिचा मूळ भाग १२६० चा. सान जॉर्जोची पेढी १४०७ मध्ये स्थापन झाली आणि जवळपास चार शतके चालली; नेपोलियनच्या अमलात १८०५ मध्ये ती बंद झाली. इमारतीच्या दालनात देणगीदारांचे पुतळे आहेत. ज्याची देणगी मोठी त्याचा पुतळा बसलेला, त्याहून कमी देणाऱ्याचा उभा. धर्मशाळेच्या भिंतीवरच्या संगमरवरी पाट्या वाचत मोठ्या झालेल्या नातवंडांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आज येथे बंदराचे कार्यालय असल्याने आत प्रवेश मिळेलच असे नाही. बाहेरून मात्र इमारत निवांत पाहता येते.

कापडाचा धंदा असलेल्या कुटुंबांसाठी आणखी एक धागा. ‘जीन्स’ हा शब्द जेनोवाच्या फ्रेंच नावावरून आला असे मानले जाते. या बंदरातून जाणाऱ्या जाड कापडाला ते नाव पडले. त्याच जातीच्या मजबूत कापडाचे दुसरे नाव ‘डंगरी’. ते आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून पडले. दोन बंदरांची नावे दोन कापडांना मिळाली आणि आज ती दोन्ही एकाच कपाटात घडी घालून ठेवलेली असतात.

जवळच्या व्हिया गारिबाल्दी या रस्त्यावर सोळाव्या शतकातील व्यापाऱ्यांचे वाडे ओळीने उभे आहेत. त्यांची ‘रोल्ली’ नावाची यादी शासनाने केली होती. राज्याचे पाहुणे आले, की यादीतील वाड्यांपैकी एकाच्या धन्याने त्यांचे आतिथ्य करायचे, असा दंडक १५७६ मध्ये झाला. पाहुणा जितका मोठा, तितक्या वरच्या श्रेणीचा वाडा. २००६ मध्ये या वाड्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. अतिथिसत्कार ही घराची शोभा आणि व्यापाराची पतही असते, हे त्या शहराने नियमात बांधले होते.

ताटाचा प्रश्न

लिगुरियाचे रोजचे अन्न मुळात साधे आहे. ऑलिव्हचे तेल, तुळशीच्या कुळातील बेसिल, लिंबू, घेवडा, टोमॅटो आणि हरभरा यांवर ते उभे आहे. त्यातला हरभरा जैन कुटुंबाचा खरा सोबती. हरभऱ्याचे पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ एवढ्या चार जिनसांतून तयार होणारा ‘फारिनाता’ हा पदार्थ तांब्याच्या मोठ्या परातीत, लाकडाच्या भट्टीत भाजतात. पहिला घास घेताच बेसनाच्या धिरड्याची आठवण होते. त्यात दूध-दही नसल्याने द्विदलाचा प्रश्न येत नाही. पीठ काही तास भिजवून ठेवतात. म्हणून ते आदल्या रात्रीचे आहे की सकाळचे, हे काटेकोर पाळणाऱ्यांनी विचारून घ्यावे. काही ठिकाणी वरून कांदा घालतात, तेवढा वगळायला सांगावा. १२८४ मध्ये पिसाशी झालेल्या मेलोरियाच्या लढाईनंतर वादळात जेनोवाच्या गलबतावरील पिठाची पोती आणि तेलाची पिंपे फुटली, ते मिश्रण उन्हात वाळले आणि फारिनाता जन्मला, अशी दंतकथा तिथले लोक हौसेने सांगतात.

मात्र सर्वांत प्रसिद्ध पदार्थाबाबतच सर्वाधिक सावध राहावे लागते. बेसिलचे ‘पेस्तो’ हिरवेगार आणि निरुपद्रवी दिसते. परंतु त्यात लसूण असते आणि पार्मेझान व पेकोरिनो ही चीजही असतात. पारंपरिक पद्धतीत पेस्तोच्या पास्त्यात घेवड्याबरोबर बटाटाही शिजवतात. लसणाविना पेस्तो दुकानात बाटलीबंद मिळते, पण चीजचा प्रश्न शिल्लक राहतो. पार्मिजानो रेज्जानो हे चीज नियमानुसार वासराच्या जठरातील रेनेटनेच विरजले जाते. पेकोरिनोसाठी बहुधा कोकराचे रेनेट वापरतात. ‘शाकाहारी’ म्हणून समोर आलेल्या ताटात हे बिनबोभाट असते, कारण युरोपातील सामान्य शाकाहारी माणूस त्याची चौकशी करतोच असे नाही. वाढणारा खोटे बोलत नाही. त्याच्या आणि आपल्या शब्दाचा अर्थच वेगळा असतो.

म्हणून ‘व्हेजिटेरियन’ या एका शब्दावर विसंबू नये. युरोपीय संघाच्या नियमानुसार डिसेंबर २०१४ पासून प्रत्येक उपाहारगृहाने चौदा प्रकारच्या ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणे बंधनकारक आहे. त्या यादीत अंडे, मासे आणि दूध आहेत, त्यामुळे अंड्याबाबत मिळणारे उत्तर सहसा नेमके असते. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मध आणि रेनेट मात्र त्या यादीत नाहीत. ते स्वतःच विचारावे लागतात. काही शब्द घरातील मुलांनी पाठ करावेत: ‘सेंझा’ म्हणजे विना, ‘चिपोल्ला’ कांदा, ‘आल्यो’ लसूण, ‘पताते’ बटाटे, ‘उओवो’ अंडे, ‘अच्चूगे’ हे छोटे मासे, ‘ब्रोदो’ म्हणजे मांसाचाही असू शकणारा काढा, ‘स्त्रुत्तो’ म्हणजे डुकराची चरबी आणि ‘काल्यो’ म्हणजे रेनेट. भाज्यांच्या सूपमध्ये ‘ब्रोदो’ आणि काही पावांत ‘स्त्रुत्तो’ दडलेला असतो. पान्ना कोत्ता या गोड पदार्थात जिलेटिन असते. चीजच्या वेष्टनावर नुसते ‘काल्यो’ असेल तर ते बहुधा प्राणिज समजावे. ‘व्हेजेताले’ किंवा ‘मिक्रोबिको’ असे स्पष्ट छापलेले असेल तरच घ्यावे.

पास्त्याबाबत इटलीचा कायदा अनुकूल आहे. साधा वाळवलेला पास्ता कठीण गव्हाचा रवा आणि पाणी यांचाच असतो. अंडे घातल्यास तसे नमूद करावे लागते. ताज्या पास्त्यात मात्र अंडे सर्रास असते. वाळवलेला पास्ता, ऑलिव्ह तेल, टोमॅटो, बेसिल आणि लिंबू एवढ्यावर रोज एक जेवण निभते. यीस्ट वर्ज्य मानणाऱ्यांना प्रसिद्ध फोकाच्चा चालणार नाही. शेजारच्या रेक्को गावचा फोकाच्चा बिनयीस्टच्या दोन पातळ पोळ्यांचा असतो, पण त्यांच्यामध्ये चीज असते. तिथेही रेनेटचा प्रश्न आलाच.

स्वयंपाकघर असलेली सदनिका भाड्याने घेतली, तर निम्मी चिंता मिटते. आपला छोटा कुकर, तवा, गाळणे आणि पाणी उकळण्याची विजेची किटली सोबत असावी. इटलीतील पुष्कळ हॉटेलांच्या खोल्यांत किटली नसते. खाखरे, मूगडाळ, तांदूळ आणि मसाले नेता येतात. मात्र दूध व दुग्धजन्य पदार्थ युरोपीय संघाबाहेरून नेण्यास प्रवाशांना मनाई आहे. म्हणून तूप आणि पेढे घरीच ठेवावेत. बहुतेक ताजी फळेही प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत. हापूसची पेटी नातेवाइकांसाठी नेण्याचा मोह आवरावा. विमानतळावर ती जप्त होण्याची शक्यता मोठी.

सूर्यास्ताचे गणित

चोविहार पाळणाऱ्यांना लिगुरियात कोणत्या ऋतूत जावे, हा प्रश्न हवामानाइतकाच सूर्यास्ताचाही आहे. मे अखेरीस तिथे सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो. इटलीतील उपाहारगृहे संध्याकाळी साडेसातच्या आसपास उघडतात. म्हणजे कुणाचीही घाई न करता, मावळतीचा प्रकाश समुद्रावर पसरलेला असताना सर्व कुटुंब एकत्र जेवू शकते आणि सूर्यास्तापूर्वी पाणी पिऊन उठू शकते. सूर्य सकाळी सहाच्या आधी उगवत असल्याने नवकारशीचा वेळही हॉटेलच्या नाश्त्यापूर्वीच येतो.

दिवाळीच्या सुट्टीत हेच गणित उलटते. ऑक्टोबरच्या अखेरीस घड्याळे एक तास मागे जातात आणि सूर्यास्त सव्वापाच-साडेपाचच्या सुमारास होतो; डिसेंबरात तर पावणेपाचच्या सुमारास. तेव्हा उपाहारगृहांच्या चुली पेटलेल्याही नसतात. शिवाय दिवाळी चातुर्मासात येते आणि त्या काळात प्रवास मर्यादित ठेवण्याची परंपरा आहे. मे आणि जूनचा पूर्वार्ध शाळेच्या सुट्टीलाही जुळतो, चातुर्मासापूर्वीही येतो आणि चोविहारालाही सोयीचा पडतो.

व्हिसासाठी पुरेसा वेळ राखावा. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. किमान तीस हजार युरोंचे वैद्यकीय विमा संरक्षण आवश्यक असते. सुट्टीच्या मोसमात भेटीची वेळ मिळणे कठीण जाते, म्हणून फेब्रुवारीतच हालचाल करावी.

पाण्याजवळ

कोकणच्या किनाऱ्याची सवय असलेल्यांना हा समुद्र वेगळा भासतो. भरती-ओहोटीचा फरक जेमतेम वीतभर असतो. वाळू थोडी आणि गोटे फार. कामोल्यीचा किनारा तर गोट्यांचाच. मे महिन्यात पाणी सुमारे अठरा अंशांचे, म्हणजे चांगलेच थंड. लहान मुलांना ते मानवते, आजी-आजोबा बहुधा पाय भिजवून समाधान मानतात. स्नानाची मर्यादा घेतलेल्यांना तेवढे पुरतेही. छत्री आणि आरामखुर्ची भाड्याने देणारे किनारे खाजगी व्यवस्थेचे असतात. ‘लिबेरा’ अशी पाटी असलेला किनारा सर्वांना मोफत खुला असतो. लाल निशाण दिसल्यास पाण्यात उतरू नये.

या गावांचा जुना व्यवसाय मासेमारी आहे, हे आधीच जाणून असावे. कामोल्यीत मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी प्रचंड कढईत मासे तळण्याचा उत्सव भरतो. त्या दिवशी जैन कुटुंबाने दुसरीकडे जाणे श्रेयस्कर. मोंतेरोस्सो गावात त्याच महिन्यात लिंबांचा उत्सव होतो; गल्ल्या पिवळ्याधमक फळांनी सजतात. पाहुण्याने यजमानाच्या घरी निवाडा करत बसू नये. पण मुलांनी प्रश्न विचारला, तर आपण असे का जगतो हे सांगण्याची वेळ हीच असते.

त्याच समुद्राची दुसरी बाजूही मुलांना दाखवण्यासारखी आहे. १९९९ मध्ये इटली, फ्रान्स आणि मोनाको यांनी करार करून सुमारे ८७,५०० चौरस किलोमीटरचा सागर देवमासे आणि डॉल्फिन यांच्यासाठी संरक्षित ठरवला. ‘पेलागोस’ नावाच्या या क्षेत्रात लिगुरियाचा सारा किनारा येतो. तेथे मासेमारी पूर्णपणे थांबलेली नाही आणि जहाजांची वर्दळही आहे. तरीही तीन राष्ट्रांनी आपापल्या सीमा ओलांडून जलचरांना आसरा देण्याचे मान्य केले. जीवदयेचा विचार केवळ आपल्या पांजरापोळापुरता नाही, हे बोटीच्या कठड्याशी उभ्या असलेल्या मुलाला पुस्तकाविना कळते.

पाच गावे आणि दगडी बांध

एक दिवस चिंक्वे तेर्रे या पाच गावांसाठी ठेवावा. मोंतेरोस्सो, व्हेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे ही गावे १९९७ पासून जागतिक वारशात आहेत. कड्यांच्या उतारावर शेकडो वर्षे चुन्याविना दगड रचून बांध घातले गेले आणि त्यांच्या आधाराने द्राक्षे, लिंबे व ऑलिव्ह पिकवले गेले. कोकणातील गडगे पाहिलेल्यांना ती रचना ओळखीची वाटेल. बिनचुन्याच्या बांधकामाची ही कला २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली.

या बांधांची देखभाल हाच तिथला खरा प्रश्न आहे. तरुण शहराकडे गेले, शेती पडीक पडली, बांध ढासळू लागले. २५ ऑक्टोबर २०११ रोजी अतिवृष्टीत व्हेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो चिखलाखाली गाडले गेले. निसटत्या उतारावरची शेती सोडून दिली, तर पाणी आणि माती दोन्ही गावावर येतात, याची प्रचिती त्या दिवशी आली. गावे पुन्हा उभी राहिली.

कोर्निल्याला स्थानकापासून ३८२ पायऱ्या चढाव्या लागतात. वडीलधाऱ्यांनी छोट्या बसने जावे. रिओमाज्जोरे ते मानारोला ही समुद्राकाठची सुमारे किलोमीटरभराची वाट बरीचशी सपाट आहे. २०१२ मध्ये दरड कोसळून ती बंद पडली आणि २०२४ मध्ये पुन्हा खुली झाली. तिचे आरक्षण आधी करावे लागते. गुडघे साथ देत असतील, तर आजोबांचा हात धरून नातवाने चालावी अशी ती वाट आहे.

दिवसाचा हिशेब

एवढ्या लहान प्रवासात रोजचा क्रम सांभाळणे अवघड नसते. सकाळी सामायिकासाठी अठ्ठेचाळीस मिनिटे, दुपारच्या उन्हात विश्रांती, नऊच्या आत जेवण आणि त्यानंतर खोलीतच प्रतिक्रमण. जवळ देरासर नाही, म्हणून आराधना थांबत नाही. उलट, घरात एकट्या आजीने करायचे प्रतिक्रमण इथे मुलांच्या डोळ्यांसमोर होते. टीव्ही, दुकान आणि फोन यांच्या गजबजाटात जे वर्षभर जमत नाही, ते पाच रात्रींत जमते.

मुलांनाही काम द्यावे. एकाने वेष्टनावरील मजकूर वाचावा, दुसऱ्याने खानावळीत विचारावे, तिसऱ्याने रोजचा सूर्योदय-सूर्यास्त वहीत मांडावा. पहिल्या दिवशी विचारताना संकोच होतो. इतर टेबलांवरचे लोक पाहतात आणि वाढणारा दोनदा स्वयंपाकघरात जाऊन येतो. परंतु ज्या मुलीने परक्या भाषेत, परक्या माणसाला, आदराने आणि न लाजता ‘हे आम्ही खात नाही’ असे एकदा सांगितले, तिला पुढे महाविद्यालयात किंवा नोकरीच्या गावी तेच सांगणे जड जात नाही. नियम घरात लागतो तो आज्ञेने. बाहेर टिकतो तो स्वतःच्या उच्चाराने.

जेनोवाच्या जुन्या खजिनदारांनी प्रत्येक जमेला नाव आणि प्रत्येक नावेला जमा लिहिण्याचा दंडक घातला होता. प्रवासाची वहीही तशीच मांडावी. विमानाचे भाडे, हॉटेल, रेल्वे हे नावेच्या बाजूला येईल. जमेच्या बाजूला आजीने पहिल्यांदा ओंजळीत घेतलेले भूमध्य समुद्राचे पाणी येईल, आणि सूर्यास्ताला दहा मिनिटे उरली आहेत हे स्वतःहून सांगणारा नातूही. पुढच्या मे महिन्याचा बेत ठरेल, तेव्हा तिकिटांची संख्या मोजताना आजी-आजोबांना आधी धरावे.